जुन्या चाकाचे माप

पावसाळा सरला की कोयनानगर परिसरातील घरांच्या पडव्यांमधून ताडपत्र्या उचलल्या जातात आणि चार महिन्यांत लोखंडाचे काय झाले ते दिसू लागते. शिवाजीसागराच्या काठची हवा जूनपासून दसऱ्यापर्यंत ओलीच असते. पडवीत झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकलीचे इंजिन या ओलीतून बऱ्याच अंशी बचावते, कारण त्याच्या आत तेल असते. चाकाला असे पांघरूण नसते. रिमच्या पन्हळीत पाणी साठून राहते, क्रोमच्या मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून ते खालच्या पोलादापर्यंत पोहोचते आणि स्पोक जिथे निपलमध्ये शिरतो नेमक्या त्याच ठिकाणी गंज धरतो. बाहेरून स्पोक चकचकीत दिसतो, पण पान्याने निपल फिरवायला जावे तर तो कट्‌कन तुटतो.

समजा, अशाच एका पडवीत साठच्या दशकातील एक जावा उभी आहे. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, पंधरा-वीस वर्षे हलवलेलीसुद्धा नाही. नातवाच्या मनात ती पुन्हा रस्त्यावर आणावी आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मामाकडे न्यावी असे आहे. इंजिनासाठी जाणता मिस्त्री मिळतो, रंग तर गावोगाव मिळतो. गाडी अडते ती चाकापाशी. आणि घाट उतरताना सगळा भरवसा चाकावर असतो. इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते; चाकाने दगा दिला तर ती उभी राहण्याचीही शाश्वती नाही.

मुंबईच्या इराणी कुटुंबाने मैसूरला उभारलेल्या आयडियल जावाच्या कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या, पुढे १९७३ च्या सुमारास त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. एस्कॉर्ट्सची राजदूतही काळाच्या ओघात थांबली. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट तेवढी अखंड चालू राहिली. कारखाना चालू असेपर्यंत सुटे भाग विक्रेत्यांकडे आपोआप येत राहतात. तो बंद झाला की गाडीचा उरलेला सगळा संसार गावोगावच्या दुकानदारांच्या फळ्यांवर जो माल शिल्लक असतो त्यावर चालतो. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, तिथलाच बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ही अशा शोधाची नेहमीची ठिकाणे. पण कोयनानगरच्या माणसाला आधी गाठावे लागते ते कराड, जिथे कोयना कृष्णेला मिळते.

आता तो नातू कराडच्या एखाद्या जुन्या दुकानात जाऊन म्हणतो, “काका, जावाचं मागचं रिम पाहिजे.” येथेच पहिला घोटाळा होतो, आणि तो नावाचा असतो. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले. त्या नव्या जावाचे पुढचे चाक १८ इंची आणि मागचे १७ इंची आहे. मैसूरच्या जुन्या जावाची दोन्ही चाके १६ इंची. टाकीवरील अक्षरे तीच, टाकीचा घाटही मुद्दाम जुन्यासारखा ठेवलेला. चाकांचा मात्र परस्परांशी काडीमात्र संबंध नाही. बुलेटच्या बाबतीत तर घोटाळा अधिकच सोपा, कारण तिथे नाव कधी तुटलेच नाही. जुन्या साध्या बुलेटची पुढची-मागची दोन्ही चाके १९ इंची होती. आजच्या क्लासिकचे पुढचे १९ आणि मागचे १८ इंची आहे. शिवाय ब्रेकचा ड्रम काही गाड्यांत सहा इंची तर काहींत सात इंची. ड्रम मोठा झाला की हबच्या कडेपासून रिमपर्यंतचे अंतर कमी होते आणि स्पोक आखूड लागतो. म्हणजे रिम तेच असूनही स्पोकचा संच निराळा. “बुलेटचे स्पोक द्या” ही मागणी म्हणूनच अर्धीच मागणी होय.

दुसरा घोटाळा मापाचा, आणि तो नावापेक्षा वाईट, कारण ज्याने मोजले त्याला आपण बरोबर आहोत अशी खात्री असते. रिमचा व्यास म्हणजे बाहेरच्या काठापासून काठापर्यंतचे अंतर नव्हे. टायरची कडा आत ज्या बैठकीवर टेकते त्या बैठकीचा तो व्यास. बाहेरचा काठ त्या बैठकीच्या वर साधारण १४ मिलिमीटर उभा असतो, दोन्ही बाजूंचे मिळून इंचाहून थोडे अधिक. त्यामुळे १६ इंची रिमवर टेप आडवी धरली तर माप १७ च्या किंचित वर येते. घरी टेप लावून १७ हा आकडा कागदावर लिहून नेलेला मुलगा दुकानातून १७ इंची रिम घेऊन परततो, आणि योगायोग असा की नव्या जावाचे मागचे चाक १७ इंचीच असल्याने दुकानदारालाही शंका येत नाही.

टायरवरचा आकडा वाचता आला तर टेपची गरज पडत नाही. ३.२५-१९ याचा अर्थ टायर सव्वातीन इंच रुंद आणि रिमची बैठक १९ इंच व्यासाची. नव्या पद्धतीत हेच ९०/९०-१९ असे काहीसे लिहितात, ज्यात पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत उंची आणि तिसरा मात्र पुन्हा इंचच. फार जुन्या इंग्रजी गाड्यांच्या कागदपत्रांत २६ × ३.२५ असे माप आढळते. तेथे २६ हा संपूर्ण टायरचा बाहेरचा व्यास आहे. त्यातून वर-खालची टायरची जाडी वजा करा, उरते ते आपले १९ इंची चाक. २६ इंची रिम शोधत फिरणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. रिमच्या रुंदीलाही स्वतंत्र खूण असते. डब्ल्यूएम-१ म्हणजे आतून १.६० इंच, डब्ल्यूएम-२ म्हणजे १.८५ आणि डब्ल्यूएम-३ म्हणजे २.१५. अरुंद रिमवर रुंद टायर ओढून बसवला तर त्याच्या भिंती आत दबतात आणि वळणावर गाडी लचकते.

जुन्या जावाला ३.२५-१६ टायर लागतो. १६ इंची टायर आज बाजारात अगदीच नाही असे नाही. गावोगाव धावणाऱ्या टीव्हीएस एक्सएलला २.५०-१६ लागतो आणि तो कुठेही मिळतो. तो जावाच्या रिमवर चढतोही. पण तो टायर हलक्या मोपेडच्या वजनासाठी बनवलेला असतो. टायरच्या भिंतीवर मापाशेजारी जो लहानसा आकडा असतो तो भाराचा निर्देशांक. ४१ असेल तर त्या एका टायरने जास्तीत जास्त १४५ किलो पेलायचे असतात. जावासारखी अडीचशे सीसीची वजनदार गाडी, दोन माणसे आणि सामान यांचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. “चढला” म्हणजे “चालला” नव्हे, हा फरक ज्या दुकानदाराला सांगावासा वाटतो त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.

स्पोकच्या बाबतीत विस्ताराने सांगावे लागते, कारण सर्वाधिक पैसे येथेच वाया जातात. हबच्या भोकांची संख्या आणि रिमच्या भोकांची संख्या सारखी हवी, ३६ असेल तर ३६, ४० असेल तर ४०. हे उघड आहे. उघड नाही ते असे की रिमवरच्या प्रत्येक भोकाला स्वतःची दिशा असते. भोकाभोवतीचा उंचवटा ज्या कोनात ठोकलेला असतो त्याच कोनात स्पोक यायला हवा. मोठ्या हबसाठी पाडलेले रिम लहान हबवर घातले तर निपल तिरपा बसतो, त्याच्या मानेशी स्पोक वाकतो आणि काही महिन्यांनी तुटतो. भोके मोजून घेतली होती, तरीही. एकाच चाकात चार तऱ्हांचे स्पोक असू शकतात: डावीकडचे आतले व बाहेरचे, उजवीकडचे आतले व बाहेरचे. त्यांच्या लांबीत दोन-चार मिलिमीटरचा आणि डोक्याच्या वाकात थोडासा फरक असतो. म्हणून जुने चाक कापून भंगारात देण्यापूर्वी प्रत्येक तऱ्हेचा एक तरी स्पोक अखंड काढून, कागदात गुंडाळून, वर नाव लिहून ठेवावा. जाडी गेजमध्ये सांगतात आणि त्यात आकडा वाढला की तार बारीक होते: ८ गेज ४.०६ मिलिमीटर, ९ गेज ३.६६ आणि १० गेज ३.२५. नवख्या माणसाला १० हा ८ पेक्षा जाड वाटतो आणि तो समाधानाने बारीक तार घेऊन घरी येतो.

गंजलेल्या जुन्या स्पोकवर पुन्हा क्रोम चढवून घेण्याचा मोह अनेकांना होतो; दिसायला ते सुरेख होतात. हे टाळलेलेच बरे. मुलामा चढवण्याच्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताणाखालची तार ठिसूळ होते. मापाचे नवे स्पोक करून घेता येतात. मात्र त्यावरचे आटे कापून पाडलेले नसावेत, दाबून वळवलेले असावेत; कापलेल्या आट्याच्या खाचेतच तार तुटायला सुरुवात होते.

आणि चाक उघडण्यापूर्वीचे एक माप असे आहे की ते एकदा हुकले की परत मिळत नाही. पुष्कळ गाड्यांत रिम हबच्या बरोबर मध्यावर नसते. साखळी आणि ब्रेक यांना जागा देण्यासाठी ते एका अंगाला सरकवलेले असते. हबच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून रिमपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी लिहून घ्यावे लागते. हे न करता स्पोक कापले, तर चाकाचा आऊट काढणाऱ्या मिस्त्रीने चाक कितीही सरळ फिरवून दाखवले तरी गाडीला बसवल्यावर मागचे चाक पुढच्याच्या ओळीत येत नाही. मिस्त्रीचा दोष नसतो. त्याला कुणी माप दिलेलेच नसते.

बेअरिंगची गोष्ट त्या मानाने सुखाची आहे. बेअरिंगवर कोरलेला आकडा जगभर एकाच अर्थाचा असतो. ६२०३ म्हणजे आतले भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर. ६२०४ म्हणजे २०, ४७ आणि १४. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना पाचाने गुणले की भोकाचे माप मिळते. गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, हे विचारण्याची गरजच नाही. पंपाचे, पिठाच्या गिरणीचे बेअरिंग विकणारा कराडचा किंवा सांगलीचा दुकानदार जुन्या मोटारसायकलीचेही बेअरिंग त्याच डब्यातून काढून देतो.

अपवाद आहे तो इंची मापाचा. महायुद्धाच्या काळातील बीएसए वगैरे ब्रिटिश गाड्यांच्या पिढीत इंची बेअरिंग सर्रास असत. त्यांतले एक नेहमीचे माप असे: भोक पाच-अष्टमांश इंच म्हणजे १५.८८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३९.६९, रुंदी ११.११. हे ६२०३ च्या इतके जवळ आहे की डोळ्याला फरक दिसत नाही. फरक बाहेरून एक-तृतीयांश मिलिमीटरचाही नाही. तेवढ्यासाठी हब लेथवर किंचित मोठा करून, आत बारीक बुश घालून ६२०३ बसवून देण्याची तयारी अनेकजण दाखवतात. कामही सफाईने होते. परंतु ऐंशी वर्षे टिकलेला हब एकदा कापला की तो पुन्हा मूळ मापाचा होत नाही, आणि त्या मापाचे इंची बेअरिंग आजही बनते, आठ दिवस वाट पाहिली तर मिळते. आठ दिवस वाचवण्यासाठी जे परत येणार नाही ते कापायचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात तोट्याचाच.

दोन बेअरिंगच्या मधल्या नळीकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. ती नळी अर्धा मिलिमीटर जरी आखूड पडली तरी ॲक्सलचा नट आवळताना सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर एका अंगाने येतो. चाक हाताला घट्ट लागते, चालवल्यावर तापते आणि नवे बेअरिंग लवकरच आवाज करू लागते. मग बेअरिंग नकली निघाले म्हणून दुकानदाराशी भांडण. अशी नळी, बुश, वॉशर उद्यमनगरातील कोणताही चांगला टर्नर मापाने करून देईल. ऑइल इंजिने घडवणाऱ्या कोल्हापूरला ते अवघड नाही. ॲक्सल मात्र मिळेल त्या साध्या सळईचा करून घेऊ नये. त्याला योग्य पोलाद आणि योग्य उष्णता-संस्कार दोन्ही लागतात, आणि तो दिसायला दोन्ही प्रकारांत सारखाच दिसतो.

व्यापारी घरांनी लक्षात घ्यावी अशी बाजू यापुढे आहे. कॅश क्रेडिटच्या खात्यावर माल तारण ठेवताना बँक स्टॉक स्टेटमेंट मागते आणि ठरावीक मुदतीपेक्षा जुना, न हलणारा माल उचलीच्या हिशेबातून वगळते. बँकेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. जावाच्या रिमांची जोडी तीस वर्षे माळ्यावर पडून असेल तर वसुलीच्या वेळी तिचे काय येणार? म्हणून हिशेबात तिची किंमत शून्याकडे जाते, नवी पिढी दुकान हाती घेते तेव्हा माळा मोकळा करते, आणि वंगण-कागदात गुंडाळलेले कोरे रिम किलोच्या भावाने भंगारात जाते. त्याच सुमारास कोयनानगरचा मुलगा तेच रिम शोधत पुण्यापर्यंत जाऊन हात हलवत परत आलेला असतो.

वाहनांच्या धंद्याशी जैन व्यापारी घराण्यांचा संबंध जुना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली, अहमदनगरच्या फिरोदियांनी सत्तरच्या दशकात लुना घरोघर नेली. कारखानदारांची नावे इतिहासात राहिली. ज्यांनी पेठेच्या दुकानात त्यांचे नट-बोल्ट दोन पिढ्या सांभाळले त्यांची कुठे नोंद नाही, आणि खरे तर आज माल त्यांच्याकडेच आहे.

मात्र जुना माल म्हणजे सरसकट सोने, असेही नव्हे. रिम, हब, ड्रम, बेअरिंग ही धातूची वस्तू तेलकागदात राहिली तर तीस वर्षांनीही तीच असते. रबर तसे नसते. टायरच्या भिंतीवर चार अंकी तारीख असते, २२१९ असेल तर २०१९ सालचा बाविसावा आठवडा. न वापरलेला, खोबणी कोरी असलेला पंधरा वर्षांचा टायर दिसायला नवा असला तरी त्याचे रबर कडक झालेले असते आणि ओल्या घाटात तो रस्ता धरत नाही. बुलेटच्या मागच्या हबमधील रबरी गाद्या, ट्यूब, ब्रेकचे जुने चिकटवलेले लायनर यांनाही तोच न्याय. दुर्मीळ म्हणून रिमला जास्त भाव मागणे रास्त आहे. दुर्मीळ म्हणून जुन्या टायरला भाव मागणे रास्त नाही. तो विकूच नये, भंगारात द्यावा, आणि हा तोटा निमूट सोसावा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत येते, नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. मूळ स्वरूपाला अशी कायद्याने किंमत आल्यावर मूळ मापाच्या रिमचे मोलही वाढलेच.

तो नातू कराडच्या दुकानात अजून उभा आहे. दुकानदाराने माळ्यावरून एक रिम काढले, धूळ पुसली. सोळा इंचीच आहे, भोकेही तितकीच. शेठजींनी आतल्या बाजूला बोट फिरवले, जुन्या हबचा फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि भोकांच्या दिशेकडे पुन्हा पाहिले. “हे तुझ्या हबला तिरपं येईल, बाळा. नेऊ नकोस. जुनं चाक तसंच घेऊन ये एकदा, न उघडता.” त्या दिवशी विक्री झाली नाही.

चाक अखेर जेव्हा बांधून होईल तेव्हा त्याचे दोन संस्कार राहतील. ब्रेकचा ड्रम लेथवर घ्यायचा असेल तर तो स्पोक ताणल्यानंतर घ्यावा, कारण ताणाने ड्रम किंचित अंडाकृती होतो आणि आधी केलेली सफाई वाया जाते. आणि नवे स्पोक पहिल्या शंभरेक किलोमीटरांत आपापल्या जागी बसतात व काही सैल पडतात. कोयनानगरहून पाटणमार्गे कराडला जाऊन परत येणे म्हणजे साधारण तेवढेच अंतर, आणि रस्ता खोऱ्याचा, घाटाचा नव्हे. परत आल्यावर गाडी स्टँडवर घ्यावी, चाक हाताने फिरवत लहान पान्याने एकेका स्पोकवर टिचकी मारावी. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, सैल असेल तो बद्द. बद्द वाजलेले सगळे आवळून झाले, आऊट पुन्हा पाहिला, की मग मामाकडे फोन करून कुंभार्लीने निघावे.